एक जेवण आपल्या हातचे

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला काय काय येते याची एक यादी करून पाहा. तुम्ही सायकल चालवता. गणिते सोडवता. उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकता. घरातल्या मोठ्या माणसांना मोबाइलची एखादी अडचण आली, तर ती तुम्हीच सोडवून देता. यादी बरीच लांब होईल. आता त्या यादीत शेवटी एक प्रश्न लिहा. आज संध्याकाळी घरातल्या चार माणसांचे जेवण मला एकट्याने करता येईल का?

पुष्कळ मुलांचे उत्तर 'नाही' असे येईल. काही मुली 'हो' म्हणतील. पण त्यांनाही हे काम कोणी आवडीने शिकवलेले नसते, ते त्यांच्या अंगावर येऊन पडलेले असते. माझे मत असे आहे, की आठवी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला एक पूर्ण जेवण तयार करता आलेच पाहिजे. बिर्याणी यायला हवी असे मी म्हणत नाही. घरी केलेले सँडविच आणि त्याच्याबरोबर भाजलेले बटाटे, एवढे पुरे आहे. हे जेवण सोपे आहे, स्वस्त आहे आणि सव्वा तासात होते.

तुम्ही म्हणाल, सँडविचसारख्या लहान गोष्टीवर एवढा लेख कशाला? कारण हा प्रश्न सँडविचपुरता नाही. घरातले काम कोणी करायचे, हा खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, हे त्या पाहणीत विचारले होते. सहा वर्षांवरील मुली व स्त्रिया यांच्यापैकी ८१.२ टक्के जणींनी त्या दिवशी स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशी घरातली बिनपगारी कामे केली होती. मुलगे व पुरुष यांच्यापैकी अशी कामे करणारे फक्त २६.१ टक्के होते. ज्यांनी कामे केली, त्यांतल्या स्त्रियांना त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे लागली. पुरुषांना ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास!

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. हे पाच तास कुणाच्या तरी झोपेतून, कुणाच्या तरी विश्रांतीतून आणि कुणाच्या तरी अभ्यासातून कापून घेतलेले असतात. दहावीला बसलेली तुमची आपा संध्याकाळी सात वाजता भूमितीचे पुस्तक मिटून कणीक मळायला उठते. त्या वेळी नववीतला भाऊ बाहेर ओट्यावर मित्रांशी गप्पा मारत असतो. परीक्षा दोघांनाही असते. पण अभ्यासाला मिळणारा वेळ सारखा नसतो. आपाला कमी गुण मिळाले, तर लोक तिला दोष देतात. पुस्तक मिटून तिला कोणी उठवले, हे कोणी विचारत नाही.

भिवंडी आणि मालेगाव ही यंत्रमागांची गावे आहेत. तिथे कितीतरी घरांत वडील रात्रपाळीला जातात आणि आई घरी बसून शिलाईचे किंवा दुसरे एखादे काम करते. मुंब्र्यात, नांदेडला, अकोल्याला हीच परिस्थिती थोड्याफार फरकाने दिसते. अशा घरात एके दिवशी अम्मीला ताप येतो. मग काय होते? एकतर ती तापातच उठते, नाहीतर शेजारच्या खालाजान डबा पाठवतात, नाहीतर बाहेरून काहीतरी आणले जाते. घरात तीन-तीन धडधाकट मुले असतात आणि एकालाही अंडे उकडता येत नाही. ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

आता या मताच्या विरुद्ध लोक जे बोलतात, ते आपण एक एक करून पाहू.

पहिला आक्षेप तुम्ही अनेकदा ऐकला असेल. "स्वयंपाक हे मुलींचे काम आहे." हे खरे असेल, तर लग्नाच्या मांडवात देगेजवळ कोण उभे असते? बावर्ची उभा असतो आणि तो बहुधा पुरुष असतो. बेकरीत पहाटे पीठ मळणारे, भट्टीत पाव सरकवणारे कारागीर कोण असतात? रस्त्याच्या कडेला कबाब भाजणारे, सँडविचची गाडी लावणारे कोण असतात? बहुतेक पुरुषच. म्हणजे पुरुषाच्या हाताला स्वयंपाक जमत नाही असे मुळीच नाही. पैसे मिळत असतील तर तो स्वयंपाक करतो आणि त्याला उस्ताद म्हणतात. घरी मात्र तेच काम करायला त्याला लाज वाटते. मित्रांनो, काम तेच, विस्तव तोच आणि सुरीही तीच असते. मग लाज कशाची?

आपल्याच राज्यात या विषयावर पूर्वी मोठा विचार झाला आहे. १९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने एक शिक्षण परिषद भरली. मुलांनी हाताने काम करता करता शिकावे, हा विचार तिथे मांडला गेला. त्याची योजना तयार करण्यासाठी एक समिती नेमली. त्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया या संस्थेची धुरा त्या वेळी त्यांच्याकडे होती आणि पुढे १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. एवढ्या मोठ्या विद्वानाला हाताचे काम हलके वाटले नाही. यालाच मराठीत 'श्रमप्रतिष्ठा' म्हणतात. श्रमप्रतिष्ठा हा शब्द निबंधात लिहिणे सोपे आहे. तो स्वयंपाकघरात उतरला, तरच त्याला अर्थ आहे.

दुसरा आक्षेप असा, की "सँडविच म्हणजे काही जेवण नव्हे. जेवण म्हणजे रोटी आणि सालन." सवयीमुळे आपल्याला असे वाटते, आणि सवय मोडायला वेळ लागतो हे मी मान्य करतो. पण जेवणात काय असावे लागते याचा विचार करा. धान्य हवे, ते पावात आहे. प्रथिने हवीत, ती अंड्यात किंवा हरभऱ्यात आहेत. भाज्या हव्यात, काकडी, टोमॅटो, बीट आणि कांदा या चार भाज्या तर सँडविचमध्येच बसतात. पोट भरायला बाजूला भाजलेले बटाटे आहेत. रोज असे जेवावे असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ असे जेवण झाले, तर त्यात काहीही कमी पडत नाही.

शिवाय सँडविच आणि पाव हे आपल्याला परके राहिलेले नाहीत. सँडविच हे मुळात इंग्लंडमधल्या केंट परगण्यातील एका गावाचे नाव आहे. अठराव्या शतकात जॉन माँटेग्यू नावाचे एक सरदार होते. त्यांची पदवी 'अर्ल ऑफ सँडविच' अशी होती. पत्त्यांच्या खेळातून उठायला नको म्हणून ते पावाच्या दोन कापांमध्ये मांस घालून खात, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या १७६२ सालच्या रोजनिशीत हा शब्द खाद्यपदार्थ म्हणून आलेला आहे. पाव तर आपल्याकडे त्याच्याही आधी आला. पोर्तुगीज लोकांनी तो गोव्यात आणला. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि गोव्यात पाव करणाऱ्याला आजही 'पोदेर' म्हणतात. बटाट्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आहे आणि 'बटाटा' हा मराठी शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. पुढे मुंबईच्या फेरीवाल्यांनी सँडविचमध्ये हिरवी चटणी घातली, उकडलेला बटाटा घातला, बीट घातले, वरून मसाला भुरभुरला आणि ते पूर्णपणे आपले करून टाकले.

या जेवणाचा तुम्हांला आणखी एक फायदा आहे. सामान आणायला गेलात, की तुमचे मराठी पक्के होते. उर्दूत आपण प्याज म्हणतो, मराठीत कांदा. खीरा म्हणजे काकडी, लहसुन म्हणजे लसूण, चुकंदर म्हणजे बीट, हरा धनिया म्हणजे कोथिंबीर आणि आलू म्हणजे बटाटा. पुदिना, चटणी आणि तवा हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत. एक शब्द मात्र जपून वापरा. मराठीत 'मीठ' म्हणजे नमक. मराठी दुकानदाराकडे मीठ मागितले, तर तो खारट वस्तू देईल, गोड नाही! भाजीवाल्या मावशींशी दोन वाक्ये मराठीत बोला. "मावशी, कोथिंबिरीची जुडी केवढ्याला? थोडी ताजी द्या ना." एवढे बोललात, तरी पुस्तकातला धडा जिभेवर येतो.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. चार माणसांसाठी पावाचे १६ काप म्हणजे स्लाइस घ्या. त्यांची आठ सँडविचे होतील. सहा अंडी, दोन काकड्या, तीन टोमॅटो, एक बीट, दोन कांदे आणि थोडे लोणी लागेल. अंडी नको असतील, तर रात्री भिजवलेले हरभरे किंवा काबुली चणे मऊ शिजवून, मीठ, मिरे आणि लिंबू घालून कुस्करून घ्या. घरात कालचे शामी कबाब उरले असतील, तर तेही चालतील. उरलेले अन्न वाया न घालवणे हासुद्धा स्वयंपाकाचाच भाग आहे. बटाटे मध्यम आकाराचे सहा घ्या.

सुरुवात नेहमी बटाट्यांपासून करा, कारण त्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. बटाटे स्वच्छ धुऊन, साल न काढता, प्रत्येकाच्या लांबट आठ फोडी करा. फोडी फडक्याने कोरड्या करा. त्यांना दोन-तीन चमचे तेल, मीठ, थोडे लाल तिखट आणि मिरपूड चोळा. ज्यांच्या घरी ओव्हन आहे, त्यांनी तो २०० अंश सेल्सिअसवर आधी तापवावा, फोडी ताटात एकेरी पसराव्यात आणि ३५ ते ४० मिनिटे भाजाव्यात. मध्ये एकदा त्या उलटाव्यात. फोडी एकमेकींवर रचू नका. गर्दी झाली की त्या भाजण्याऐवजी वाफेवर शिजतात.

इथे तिसरा आक्षेप येईल. "आमच्या घरी ओव्हन नाही." बहुतेकांच्या घरी नसतोच. पण भाजण्याची कला काही ओव्हनबरोबर जन्माला आली नाही. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात 'पोपटी' लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असे भरून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. मडक्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत, तरी सगळे आपल्याच वाफेत भाजून निघते. विदर्भात शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजतात. आणि तुमच्या मोहल्ल्यातली रीत तर तुम्हांला ठाऊकच असेल. ईद जवळ आली की मैदा, तूप आणि साखर घेऊन लोक बेकरीत जातात आणि तिथल्या भट्टीत नानखटाई भाजून आणतात. सगळ्या मोहल्ल्याचा ओव्हन एकच असतो! नानखटाई या शब्दातला 'नान' म्हणजे फारसी भाषेत भाकरी किंवा पाव, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

ओव्हन नसेल तर एक साधी युक्ती करा. जाड बुडाचे, झाकण घट्ट बसणारे एक जुने पातेले घ्या. त्यात तळाला वाटीभर जाडे मीठ पसरा आणि त्यावर धातूची एखादी रिंग ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्या. मग रिंगेवर फोडींचे ताट ठेवा, झाकण लावा आणि मंद ते मध्यम आचेवर ४५ ते ५० मिनिटे भाजा. शेवटची पाच मिनिटे झाकण काढा, म्हणजे वाफ निघून जाईल. सुरीचे टोक फोडीत सहज गेले, की बटाटे झाले असे समजा. ओव्हनइतका तांबूस रंग येणार नाही, पण चव चांगली येते. ताटात फोडी मावल्या नाहीत, तर दोन वेळा भाजा. तळाचे मीठ थंड झाल्यावर डब्यात भरून ठेवा; पुन्हा भाजण्यासाठी उपयोगी पडते. या कामाला प्रेशर कुकर घेऊ नका आणि नॉनस्टिक भांडेही घेऊ नका. ती भांडी कोरडी तापवण्यासाठी नसतात.

उकडलेल्या आणि भाजलेल्या बटाट्याची चव वेगळी का लागते? विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात, की उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. भाजताना गरम हवा कोरडी असते आणि तिचे तापमान त्याहून बरेच जास्त असते. त्यामुळे फोडीचा बाहेरचा भाग वाळतो, तांबूस होतो आणि त्याला खमंग वास येतो. अन्न असे तांबूस का होते, याचे वर्णन लुई कॅमी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. पावाची कडक कड, भाजलेली रोटी आणि सीखकबाब यांच्या खमंगपणामागे हेच रसायन आहे. पाहा, जे पुस्तकात वाचले तेच चुलीवर दिसते.

बटाटे भाजत असताना बाकीची कामे उरका. अंडी दहा-बारा मिनिटे उकडा आणि लगेच गार पाण्यात टाका. साल सहज निघते. बीटही उकडून घ्या. चटणीसाठी कोथिंबिरीची एक जुडी, मूठभर पुदिना, तीन-चार हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या, अर्ध्या लिंबाचा रस आणि मीठ घ्या. त्यात चमचाभर भाजके डाळे घातले, की चटणी दाट होते. पाणी अगदी थोडे घाला. पातळ चटणीने पाव भिजून लगदा होतो. काकडी, टोमॅटो, बीट, कांदा आणि अंडी यांचे पातळ गोल काप करा. भाज्यांना आधीच मीठ लावू नका, त्यांना पाणी सुटते.

जेवायला पंधरा मिनिटे राहिली, की सँडविचे भरायला घ्या. प्रत्येक कापाला आधी लोणी लावा आणि मग चटणी. लोण्याच्या थरामुळे ओलावा पावात लवकर शिरत नाही. त्यावर भाज्या आणि अंडी रचा, मीठ आणि मिरपूड भुरभुरा, दुसरा काप ठेवा. तवा मंद आचेवर ठेवून दोन्ही बाजू दोन-तीन मिनिटे भाजा. उलथन्याने हलकेच दाबा. सुरीने तिरके दोन भाग करा आणि शेजारी गरम बटाटे वाढा. झाले जेवण!

पण सावधगिरी विसरू नका. पहिल्या दोन-तीन वेळा घरातले मोठे माणूस जवळ असू द्या. गॅसचा वास आला, तर काडी पेटवू नका आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि मोठ्यांना बोलवा. गरम भांड्याचे झाकण आपल्या तोंडाकडे उघडू नका. ओल्या फडक्याने गरम ताट धरू नका. ओल्या कापडातून चटका लवकर बसतो. उकडलेली अंडी आणि चटणी उन्हाळ्यात फार वेळ बाहेर ठेवू नका. जेवढे लागेल तेवढेच करा.

आता मी तुम्हांला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. जेवण झाले म्हणजे काम संपले असे नाही. मिक्सरचे भांडे, तवा, पातेले, ताटे, सुरी हे सगळे घासायचे आहे. ओटा पुसायचा आहे. सालींचा कचरा टाकायचा आहे. मी अशी काही मुले पाहिली आहेत, की ती हौसेने एखादा पदार्थ करतात, फोटो काढतात, सगळ्यांकडून शाबासकी घेतात आणि ओट्यावर भांड्यांचा डोंगर ठेवून निघून जातात. तो डोंगर मग अम्मी किंवा आपा उपसते. अशा मदतीने घरातले काम कमी होत नाही, उलट वाढते. ज्या दिवशी जेवण तुमच्याकडे, त्या दिवशी भांडीही तुमच्याकडे. हा नियम पाळणार असाल, तरच स्वयंपाकघरात पाऊल टाका.

शेवटचा आक्षेप असा, की "बाहेर गाडीवर सँडविच तयार मिळते, मग एवढी खटपट कशाला?" गाडीवाला कष्ट करून पोट भरतो, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कधीतरी त्याच्याकडे जरूर खा. पण एक हिशेब करून पाहा. बाहेर आठ सँडविचांना किती रुपये पडतात ते विचारा. मग घरी आणलेल्या सामानाची बेरीज करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि उत्तर तुम्हीच काढा. पैशाशिवाय आणखीही एक गोष्ट त्या हिशेबात धरा. दादींना दातांमुळे कडक चावत नाही, म्हणून त्यांचे सँडविच न भाजता मऊ ठेवायचे. अब्बांना रक्तदाब आहे, म्हणून त्यांच्या बटाट्यात मीठ कमी घालायचे. धाकट्याला तिखट सोसत नाही, म्हणून त्याच्या पावाला नुसते लोणी लावायचे. हे गाडीवाल्याला कसे कळणार? ते घरच्या माणसालाच कळते.

काही घरांत मुलाला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, हेही मला माहीत आहे. "तू अभ्यास कर, ही तुझी कामे नाहीत," असे अम्मी स्वतःच म्हणते. तिचे तुमच्यावर प्रेम आहे, म्हणून ती असे म्हणते. तिच्याशी वाद घालू नका. तिला एवढेच म्हणा, "अम्मी, आज रात्री तुम्ही फक्त बसा आणि मला सांगा. चुकलो तर दुरुस्त करा." पहिल्या दिवशी ती दहा वेळा उठेल. दुसऱ्या वेळी पाच वेळा उठेल. चौथ्या-पाचव्या वेळी कदाचित ती खरोखरच बसून राहील.

आणि मुलींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. तुमच्यापैकी पुष्कळ जणींना हे सगळे आधीच येते. तुम्ही भावाला शिकवा. पण त्याच्याऐवजी करून देऊ नका. त्याचा कांदा जाड चिरला जाईल, त्याची चटणी पातळ होईल, टोमॅटो तव्यावर पडतील. पडू द्या. जे काम तुम्हांला चुकत चुकत आले, ते त्यालाही तसेच येईल. तो वेळ तुमच्या भूमितीला द्या.

विद्यार्थी मित्रांनो, या आठवड्यातली एक संध्याकाळ निवडा. आदल्या दिवशी सामानाची यादी मराठीत लिहा. घरच्यांना सांगून ठेवा, की त्या रात्रीचे जेवण तुमच्याकडे आहे. संध्याकाळी सात वाजता बटाटे धुवायला घ्या. सव्वाआठला दस्तरखान पसरा, सगळ्यांना बोलवा आणि अम्मीला पहिल्यांदा वाढा. मग भांडी घासायला उठा.